वेल्ह्यासाठी लिहिलेली ओळ

नुजहतनं हे सगळं मला सांगितलं तेव्हा त्या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली होती. तरीही सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडायची, मिटायची, परत उघडायची. मध्येच म्हणाली, "मॅडम, तुम्ही हे लिहिलंत तरी चालेल. पण मला चांगली करून लिहू नका."

मी तेव्हा भोरला एस.टी. स्टँडजवळ संगणकाचे वर्ग घेत असे. नुजहत मुजावर तिथलीच विद्यार्थिनी. वडील नूरुद्दीनभाई एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, आई गुलजारबी घरी शिलाईकाम करायची. मुलगी बी.एस्सी. झालेली, बोलायला कमी, पण एखादी गोष्ट अडली की जेवायला उठायची नाही. तिच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर शेफाली बसायची. ती कामथडीची, शेतकऱ्याघरची. हे शहरी नाव तिला पुण्यात नर्स असलेल्या आत्यानं ठेवलेलं, आणि त्यावरून गावात तिला अजून चिडवत. दोघींची मैत्री माझ्याच वर्गात झाली. ईदला शेफाली मुजावरांकडे शिरखुर्मा खायला यायची, आणि पोळ्याला नुजहत कामथडीला जायची.

दोन हजार सहा साली नसरापूर फाट्यावर, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर, एक लहानसं ऑफिस सुरू झालं. पुण्यातल्या कुमार सरांचं. ते संस्थांसाठी, कारखान्यांसाठी वेबसाइट बनवून देत. पुण्यापेक्षा जागा स्वस्त, शिवाय हायवेला लागून. माझ्याकडून त्यांनी दोन मुली मागितल्या आणि मी या दोघींची नावं दिली. काम होतं तपासणीचं. तयार झालेल्या साइटवर माणसासारखं बसायचं, प्रत्येक चौकोनात टाईप करायचं, प्रत्येक बटण दाबायचं आणि कुठं काय बिघडतं ते लिहून द्यायचं. एक फॉर्म तीस तीस वेळा भरायचा. साइटमध्ये जरा बदल झाला की पुन्हा पहिल्यापासून.

शेफाली या कामात फार चांगली होती. ती अडाण्यासारखं वागून बघायची. नावाच्या जागी आकडा टाकायची, एकच बटण चारदा दाबायची, मध्येच मागं जायची. ती म्हणायची, "माझी आजी ही साइट वापरायला बसली तर काय करंल, तेवढंच मी करते." तिनं जितक्या चुका काढल्या तितक्या ऑफिसात कुणी काढल्या नाहीत.

नुजहतला मात्र त्या तीस वेळांचा कंटाळा यायचा. कुमार सरांच्या ते लक्षात आलं. एक दिवस त्यांनी तिच्यापुढं शंभरेक पानांचा छापील गठ्ठा ठेवला. "रुबी नावाची भाषा आहे. फुकट मिळते. तिच्यात चार ओळी लिहिल्या की ब्राउझर आपला आपण चालतो म्हणे. बघ जमतंय का."

तिला दीड महिना लागला. शिकवणारं कुणी नव्हतं. इंटरनेट दिवसातून दोनदा जायचं आणि गठ्ठ्यातलं इंग्रजी तिला अर्धंच कळायचं. पण एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं एन्टर दाबलं आणि पडद्यावर खिडकी उघडली. कुणी हात न लावता पत्त्याच्या पट्टीत पत्ता उमटला, नावाच्या चौकोनात एकेक अक्षर पडत गेलं, खालचं बटण दाबलं गेलं.

शेफालीच्या हातातला डबा तसाच राहिला. "अगं बया! कोण चालवतंय हे?"

"मीच," नुजहत म्हणाली.

ऑफिसातले सगळे मागं येऊन उभे राहिले. तिनं परत चालवलं, परत. शेफालीनं तर टाळ्या वाजवल्या. नुजहत मला म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मला जे वाटलं, ते परत कधी वाटलं नाही. सगळी चूक तिथंच सुरू झाली असं नाही. पण मला ते लई आवडलं होतं, एवढं खरं."

पुढच्या वर्षभरात तिनं अशा ओळींच्या कितीतरी स्क्रिप्ट लिहिल्या. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत व्हायला लागलं. शेवटी एक अहवाल निघायचा. तपासणी बरोबर निघाली तर हिरवी ओळ, चुकली तर लाल. कुमार सर गिऱ्हाइकांना तो अहवाल दाखवत. नुजहतला खिडकीजवळचं स्वतंत्र टेबल मिळालं. शेफालीकडे राहिलं ते शेवटचं काम: स्क्रिप्टनं तपासलेलं थोडं हातानं चाळायचं आणि 'अंतिम तपासणी झाली' या कागदावर सही करायची.

दोन हजार आठच्या मे महिन्यात पुण्यातल्या एका संस्थेचं काम आलं. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या, दहावी झालेल्या मुलींसाठी संस्थेचं वसतिगृह होतं. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं संस्थेकडून. आजवर अर्ज कागदावर यायचे, त्या वर्षीपासून ते वेबसाइटवरून घ्यायचे ठरलं. मुलीनं फॉर्म भरायचा, यादीतून आपला तालुका निवडायचा, बटण दाबायचं. पान उघडायचं: 'आपला अर्ज मिळाला आहे. धन्यवाद.' आणि संस्थेच्या ऑफिसात यादीत तिचं नाव चढायचं.

नुजहतनं स्क्रिप्ट लिहिली. तेरा तालुके, प्रत्येक तालुक्याची एक खोटी मुलगी. फॉर्म भरायचा, धन्यवादाचं पान आलं का बघायचं, मग ऑफिसची यादी उघडायची आणि त्या मुलीचं नाव तिथं आहे का तेही बघायचं. तेरा ओळींचा अहवाल.

सुरुवातीला जुन्नर लाल आलं, मग दौंड. दोन्ही वेळा साइटची चूक नव्हती. पान उघडायला वेळ लागत होता आणि स्क्रिप्ट घाईनं पुढं पळत होती. नुजहतनं थांबायची वेळ वाढवली आणि दोन्ही हिरवी झाली. त्यामुळे गुरुवारी दुपारी वेल्हे लाल आलं तेव्हा तिला वाटलं, हेही तेच. थांबायची वेळ दहा सेकंद केली. लाल. वीस केली. लाल.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता संस्थेच्या बाई साइट बघायला येणार होत्या. कुमार सर दोनदा येऊन विचारून गेले होते, "तेरापैकी तेरा?"

"मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं, तर ऑफिसची यादी उघडून डोळ्यांनी बघायची," नुजहत मला म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. पण मला बघायचंच नव्हतं. बघितलं असतं आणि खरंच चूक निघाली असती, तर दुसऱ्या दिवशीचं सगळं पुढं गेलं असतं."

रुबीत एक सोय असते. एखाद्या ठिकाणी चूक झाली तर स्क्रिप्टनं काय करायचं ते आधीच लिहून ठेवता येतं. नुजहतनं तिथं एक ओळ घातली. तिचा अर्थ असा होता: तालुका वेल्हे असेल आणि चूक आली, तर चूक मोजू नकोस, बरोबर म्हण आणि पुढं जा. सोमवारी नीट बघू, असं तिनं मनाशी म्हटलं. अहवाल काढला. तेरापैकी तेरा हिरवे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास शेफाली सहीचा कागद घेऊन तिच्या टेबलाशी आली. "मी भोर, हवेली आणि पुरंदर हातानं बघितलेत. बाकीच्याला आज वेळ न्हाई. वेल्हे दुपारी लाल दिसत होतं ना गं? बघितलंस का?"

"बघितलं," नुजहत म्हणाली. "सगळं हिरवं आहे."

शेफालीनं उभ्या उभ्या सही केली आणि दोघी एकाच गाडीनं घरी गेल्या.

सोमवारी दुसरं काम आलं. नुजहतला त्या ओळीची आठवण आठवड्यातून एकदोनदा व्हायची. मग कमी कमी होत गेली.

जुलैच्या मध्यावर संस्थेनं मुलाखतीसाठी बोलावलेल्या मुलींची यादी लावली. बारा तालुक्यांतल्या मुली त्यात होत्या. वेल्ह्याची एकही नाही. संस्थेच्या बाईंनी सहज म्हणून कुमार सरांना फोन केला, "दरवर्षी तिकडून आठदहा तरी अर्ज यायचे हो. यंदा शून्य कसे?"

साइट लिहिणारा अमीर नावाचा मुलगा होता. त्यानं पाव तासात चूक शोधली. वेल्हे हे नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात, कुणी 'व्ही'नं तर कुणी 'डब्ल्यू'नं. फॉर्मच्या यादीत ते एका तऱ्हेनं होतं आणि अर्ज साठवायच्या तक्त्यात दुसऱ्या. दोन्हींचा मेळ बसत नव्हता, म्हणून वेल्ह्याचा प्रत्येक अर्ज कुठंच जमा न होता नाहीसा होत होता. धन्यवादाचं पान मात्र न चुकता येत होतं.

अमीरनं एक अक्षर बदललं आणि साइट दुरुस्त झाली. पण अर्जांची मुदत संपून गेली होती.

कुमार सरांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. "मला एवढंच सांगा, हे तपासलं कुणी?" त्यांनी सहीचा कागद टेबलावर ठेवला. मग नुजहतकडे वळून म्हणाले, "तुझ्या स्क्रिप्टनं कसं पकडलं नाही?"

नुजहत सांगत होती, की त्या क्षणी तिला तिची ती ओळ जशीच्या तशी डोळ्यांपुढं दिसली. आणि तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. "सर, स्क्रिप्ट फक्त धन्यवादाचं पान बघते. ऑफिसची यादी हातानं बघायची होती."

हे साफ खोटं होतं. पण खोलीत स्क्रिप्ट वाचता येणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. अमीरलाही रुबी येत नव्हती.

शेफाली एकदम म्हणाली, "सर, मी हिला विचारलं होतं. वेल्हे बघितलंस का म्हणून. ही म्हणाली बघितलं." ती नुजहतकडे वळली. "हो की नाही गं? तुझ्या टेबलापाशी, सहीच्या वेळी."

सगळे नुजहतकडे बघायला लागले.

"मला आठवत नाही," नुजहत म्हणाली.

शेफाली भांडली नाही, रडली नाही. ती फक्त बघत राहिली, जसं अनोळखी माणसाकडे बघतात. कुमार सर तिला म्हणाले, "सही तुझी आहे, शेफाली. सही म्हणजे काय, कळतं ना?" त्या आठवड्यात तिला कामावरून कमी केलं. ती डबा, पाण्याची बाटली आणि चपलांचा जादा जोड पिशवीत भरून निघाली, तेव्हा नुजहत आत प्रिंटरपाशी उभी होती. प्रिंट काही निघत नव्हतं. ती उगाच उभी होती.

संस्थेला कुमार सरांनी कळवलं, की वेल्ह्याकडं इंटरनेट नीट चालत नाही, त्यामुळे मुलींचे अर्ज पूर्ण झाले नसावेत. साइटमध्ये चूक होती हे कळवलं नाही. हे पत्र टाईप करायला त्यांनी नुजहतलाच सांगितलं आणि तिनं ते केलं.

"घरी काही बोलली नव्हतीस?" मी विचारलं.

"अम्मी रोज विचारायची, शेफाली का येत न्हाई. मी सांगायचे, तिला दुसरीकडं काम मिळालं. मॅडम, एकदा खोटं बोललं की पुढचं फार सोपं जातं. मला आश्चर्य वाटायचं, किती सोपं जातंय."

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी ऑफिसचा जिना चढून तिघं जण वर आले. पुढं कोंडिबा गुरुजी, वेल्ह्याकडच्या एका शाळेतले, निवृत्तीला आलेले. त्यांच्यामागं डोक्यावर इरलं घेतलेली म्हातारी, साळूबाई, आणि तिची नात कांता. वेल्ह्याहून एस.टी.नं नसरापूरला उतरून ते चालत फाट्यावर आले होते. गुरुजींच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले अकरा कागद होते. साइटच्या तळाशी ती बनवणाऱ्यांचा पत्ता असतो, तो त्या कागदांवर छापला गेला होता. त्यावरूनच ते आले होते.

कुमार सरांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. साळूबाई खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली.

गुरुजींनी कागद टेबलावर मांडले. प्रत्येकावर एका मुलीचं नाव आणि खाली ते वाक्य: 'आपला अर्ज मिळाला आहे. धन्यवाद.'

"साहेब, आमी भांडायला आलो न्हाई," गुरुजी म्हणाले. "संस्था म्हणते, अर्ज पोचलेच न्हाईत. आन ह्यो कागद म्हणतो, मिळाला. मला यातलं काय कळत न्हाई. तुमी बनवलंय, तुमीच सांगा. खरं कोण बोलतंय?"

कुमार सर म्हणाले, "गुरुजी, तसं होतं कधी कधी. लाईन मध्येच तुटते. किंवा फॉर्म भरताना काही राहिलं असेल. कुणी भरले होते हे?"

कांता पुढं झाली. सोळा वर्षांची असेल. शाळेत तेवढ्या एकीला टाईपिंग येत होतं, म्हणून वेल्ह्यातल्या एकुलत्या इंटरनेटच्या दुकानात बसून तिनं अकराही मुलींचे फॉर्म भरले होते. आपला सगळ्यात शेवटी.

"म्या भरलं," ती म्हणाली. "सगळ्यांचं म्याच भरलं. माजंच कायतरी चुकलं आसंल, साहेब. बाकीच्या पोरींचं तरी घ्या. त्यांनी कायबी केलं न्हाई. त्या नुसत्या मागं हुब्या व्हत्या."

साळूबाई खालून म्हणाली, "पंधरा दिस झालं, पोर शाळंच्या रस्त्यानं जात न्हाई. बाकीच्या पोरींच्या आया हिला बोलत्यात. आमच्या लेकींचं वाटुळं केलंस म्हणून."

कुमार सर कागदांकडं बघत म्हणाले, "बाळ, नवीन माणसाचं चुकतं. त्यात एवढं काही—"

नुजहत खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. ती उठली. तिला काय बोलायचं ते माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. फक्त त्या मुलीच्या तोंडून 'माजंच चुकलं' हे परत एकदा आपल्याला ऐकवणार नाही, एवढं माहीत होतं.

"तिचं काही चुकलं नाही, सर," ती म्हणाली. "माझं चुकलंय. दाखवते."

"नुजहत, खाली बस."

ती बसली, पण स्वतःच्या कॉम्प्युटरपुढं. साइटची जुनी, दुरुस्त न केलेली प्रत तपासणीसाठी तिथं ठेवलेली होती. तिनं स्क्रिप्ट उघडली, ती ओळ शोधली आणि पुसून टाकली. मग गुरुजींना आणि कांताला जवळ बोलावलं. तिचा आवाज इतका बारीक निघाला, की अमीरनं तेच मोठ्यानं परत सांगितलं, "इकडं या म्हणतीय ती."

खिडकी उघडली. फॉर्म आपला आपण भरत गेला. कांता तोंडावर हात ठेवून बघत होती. भोर हिरवं, हवेली हिरवं, मुळशी, मावळ, एकामागून एक. मग वेल्हे. फॉर्म भरला, धन्यवादाचं पान आलं, ऑफिसची यादी उघडली, तिच्यात नाव नव्हतं. लाल ओळ पडली.

"ही चूक मला मे महिन्यातच दिसली होती," नुजहत पडद्याकडं बघतच म्हणाली. "दुसऱ्या दिवशी साइट दाखवायची होती म्हणून मी ती झाकली. एक ओळ लिहिली. नंतर बघेन म्हटलं आणि बघितलं नाही. शेफालीनं मला विचारलं होतं, सर. मी तिला सगळं हिरवं आहे म्हणून सांगितलं. ते मला आठवत होतं. त्या दिवशी तुमच्या खोलीतही आठवत होतं."

खाली खताच्या दुकानात पोती उतरवत होते, त्यांचे आवाज येत राहिले.

कोंडिबा गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हंजी पोरीचं काय चुकलं न्हवतं," ते म्हणाले.

"नाही."

"मंग हे लिहून द्या. तिच्या नावानं लिहून द्या. गावात वाचून दावीन म्हणतो."

साळूबाईनं विचारलं, "काय झालं रं गुरुजी? काय म्हणती ही?" गुरुजींनी तिला समजावून सांगितलं. म्हातारी उठली, नुजहतजवळ आली आणि तिच्याकडे निरखून बघितलं. "तू कुणाची गं?"

"भोरच्या नूरुद्दीन मेकॅनिकची."

"आई-बापानं शिकीवलं तुला," साळूबाई म्हणाली. "आमीबी हिला शिकवायलाच निगालो व्हतो." एवढंच बोलून ती परत भिंतीशी जाऊन बसली. नुजहत मला म्हणाली, "तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

ते पत्र नुजहतनं स्वतः लिहिलं आणि कुमार सरांनी त्यावर सही केली. गुरुजी समोर बसलेले असल्यामुळे त्यांना संस्थेलाही खरं कळवावं लागलं. फोनवर बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. संस्थेच्या बाई दुसऱ्याच दिवशी वेल्ह्याला गेल्या आणि शाळेतच अकरा मुलींच्या मुलाखती घेतल्या. वसतिगृह तोवर जवळजवळ भरलं होतं. दोन खोल्यांत जादा खाटा टाकून सात जणींची सोय झाली. चौघींची नाही झाली. त्या चौघींत कांता होती. तिचे टक्के जरा कमी पडले. ती वेल्ह्यातच अकरावीला बसली. पुढं तिचं काय झालं ते नुजहत अधूनमधून गुरुजींना फोन करून विचारायची. बारावी झाली, डी.एड.ला लागली, एवढं कळलं. मग गुरुजी निवृत्त होऊन पानशेतकडं मुलाकडं राहायला गेले आणि तो नंबर बंद झाला.

त्या दिवशी घरी येऊन नुजहतनं सगळं सांगितलं. गुलजारबी रडायला लागली, "त्या पोरीनं माझ्या हातचं खाल्लंय गं." नूरुद्दीनभाई म्हणाले, "शेफालीकडं जाऊन आलीस का?"

"न्हाई."

"मग हितं काय सांगत बसलीस? उद्या जा. मी येऊ का संगं?"

"नको अब्बा. मी एकटी जाते."

कामथडीला ती सकाळीच पोचली. शेफाली खाचरात होती, भाताची लावणी चालली होती. आईनं हाक मारली तशी ती चिखलाच्या पायांनीच बांधावर आली. नुजहतनं तिला सगळं सांगितलं, ओळीपासून पत्रापर्यंत. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "कुमार सर तुला परत बोलावतायत. त्यांनी सांगितलंय."

शेफाली हातावरचा चिखल खरवडत होती. "मला कुमार सरांचा फोन आला काल," ती म्हणाली. "मी न्हाई म्हणून सांगितलं."

"का गं?"

"तिथं बसून मी कुणाच्या भरवशावर सही करू?"

नुजहत रडायला लागली. शेफालीनं तिला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "ती ओळ लिहिलीस, ते मी समजू शकते. मीपण कधीतरी तीस वेळांच्या जागी अठ्ठावीस वेळा केलंय. पण तू माझ्याकडं बघून आठवत न्हाई म्हणालीस. माझ्या तोंडाकडं बघून. घरी येऊन मलाच वाटायला लागलं, की मी खरंच विचारलं नसंल का? नऊ दिवस मी माझ्याच डोक्यावर इश्वास ठेवला न्हाई. ते कसं परत देणार तू?"

शेफालीच्या आईनं चहा आणला. नुजहतनं तो घेतला, कारण नको म्हणायलाही तिला तोंड नव्हतं. चहा पिऊन ती हायवेपर्यंत चालत आली.

कुमार सरांनी तिला काढलं नाही. त्यांनी ते तिला स्पष्ट सांगितलं, "तुझ्या स्क्रिप्ट चालवणारं दुसरं कुणी नाही, म्हणून ठेवतोय." ती पुढं दोन वर्षं तिथंच होती. वर्षभर तिनं अमीरला रुबी शिकवली, शनिवारी शनिवारी, स्क्रिप्टची एकेक ओळ वाचून दाखवत. स्क्रिप्ट वाचता येणारं एकच माणूस ऑफिसात असू नये, असं तिला वाटत होतं. तिच्या सांगण्यावरून लाल ओळ झाकायची झाली तर ती का झाकली, कुणी झाकली आणि कधी उघडणार, हे वहीत लिहून दोघांनी सही करायची पद्धत पडली. कुमार सरांनी ही पद्धत गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकानं दाखवली. नुजहतचं नाव घेऊन. "प्रत्येक वेळी जमिनीत जावंसं वाटायचं," ती म्हणाली.

शेफालीला पुढं शिरवळच्या एका कारखान्यात माल तपासणीचं काम लागलं. तिथं ती चांगली वर गेली. तिचं लग्न सारोळ्याला झालं. पत्रिका मुजावरांच्या घरी आली, पण ती गुलजारबीच्या नावानं होती. गुलजारबी जाऊन आली.

"त्यानंतर भेटली कधी?" मी विचारलं.

"मागच्या महिन्यात. नसरापूरच्या बाजारात." नुजहतनं स्टेपलर खाली ठेवला. "कडेवर मुलगी होती तिच्या. मला बघून थांबली. अम्मीचा गुडघा कसा आहे विचारलं. मुलीला म्हणाली, मावशीला टाटा कर. मुलीनं केला. मग ती मेथी घ्यायला गेली."

"म्हणजे बोलते तुझ्याशी."

"चांगलं बोलते, मॅडम. सगळ्यांशी बोलते तसंच बोलते."

बाहेर माझ्या पुढच्या वर्गाच्या मुली जमायला लागल्या होत्या. नुजहत उठली, ओढणी सारखी केली आणि त्यांच्यातून वाट काढत जिना उतरून गेली.